चिन्हं चालणार नाहीत

टायपिंगच्या बाईंनी तीस वर्षं क्लास चालवला. कळफलकाकडे बघायचं नाही, बोटांना कळलं पाहिजे, असा त्यांचा खाक्या. त्यांचा पासवर्डही बोटांतच होता: शिफ्ट दाबून आकड्यांच्या ओळीवर एक ठरलेली चाल. टक्का, तारा, कंस, नुसती चिन्हंच. जन्मतारखेचे पासवर्ड ठेवणाऱ्यांना त्या हसायच्या.

याच पासवर्डने त्या तुरुंगाच्या वेबसाइटवर मुलाच्या भेटीची वेळ घेत. भेट महिन्यातून एकदा, वीस मिनिटं, मध्ये काच. त्या वीस मिनिटांवर बाई महिना काढत.

एका सोमवारी वेबसाइटने नवा नियम काढला: फक्त अक्षरं आणि आकडे. बाईंची बोटं चालली, पण चौकट कोरीच राहिली. पासवर्ड बदलायचा तर आधी जुना भरा, तोही त्याच चौकटीत. ओटीपी जाई क्लासच्या नंबरवर, आणि क्लास बंद झाल्यावर तो नंबर भलत्याच कुणाकडे गेलेला. चिन्हांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

बाई तुरुंगाच्या कार्यालयात गेल्या. कारकून भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली.

"चिन्हांतून चोर आत शिरतात म्हणे, मावशी. वरून आदेश आहे."

"तुरुंगात चोर शिरले तर बिघडलं कुठं?"

तो हसला. त्याने नवीन खातं उघडून पाहिलं. कैद्याची आई आधीच नोंदलेली आहे, असं स्क्रीनवर आलं.

"एका कैद्याला एकच आई टाकता येते," तो ओशाळून म्हणाला. "जुनी नोंद रद्द करावी लागेल. त्यावर मुलाची सही लागते. तुम्ही अर्ज द्या, मी आत पाठवतो."

बाईंनी छापील अर्जावर सही केली. कारण लिहायला त्यावर जागाच नव्हती.

दोन भेटी हुकल्या. तिसऱ्या महिन्यात त्या पुन्हा गेल्या, तेव्हा कारकून त्यांच्याकडे बघेना.

"सही आली, मावशी. जुनी नोंद गेली."

"मग नवी करा."

"नवीला त्याची संमती लागते. तो देत नाही." त्याने कागद सरळ केले. "म्हणाला, तिनंच नाव काढून मागितलं ना, मग राहू दे."

बाईंनी मुलाला सगळं समजावून चार पत्रं पाठवली. चारही 'घेण्यास नकार' असा शिक्का लागून परत आली.