रिकामा कॅमेरा

फोटोकाकांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्यात सगळा दोष त्यांचा नव्हता. ज्याने उभा जन्म लोकांना स्टुलावर बसवून त्यांचे चेहरे न्याहाळले, त्याचं आणखी काय होणार? कॅमेरा समोर आला की माणूस खोटा बसतो, असं ते म्हणत. म्हणून गिऱ्हाईक बसलं की आधी ते रिकामाच कॅमेरा दाबत. फ्लॅश उडे, गिऱ्हाईक सुटलो बुवा म्हणून खांदे सैल सोडी, आणि मग काका दुसऱ्या, रोल भरलेल्या कॅमेऱ्याने खरा फोटो काढत. हा डाव एकट्या काकूंना ठाऊक होता.

अशा माणसाच्या दारात एक दिवस एका धर्मादाय संस्थेच्या बाई आल्या. छायाचित्रकारांना संस्था मदत देणार, आणि त्यांनी आसपासच्या मुलांना आपली कला शिकवायची. रोलचे कॅमेरे संस्थेचे, रोल संस्थेचे, वर काकांना मानधन.

"आणि परत काय द्यायचं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. मुलांनी काढलेले फोटो दाखवा, म्हणजे झालं."

काही नाही म्हणे! बाईंची पाठ वळताच काका म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या निगेटिव्हवर डोळा असणार. गावातले सगळे चेहरे आहेत त्या कपाटात."

"त्या कपाटावर झुरळांशिवाय कुणाचा डोळा नाही," शिलाई मशीनवरून मान वर न करता काकू म्हणाल्या. "मोबाईल आल्यापासून स्टुडिओत चिटपाखरू फिरकत नाही. गुपचूप हो म्हणा."

काका हो म्हणाले आणि कपाटाला नवं कुलूप घालून आले.

संस्थेचे रोलही त्याच कुलपात गेले. उद्या बाईंनी परत मागितले तर? पोरांनी वाया घालवले आणि खापर आपल्या डोक्यावर फुटलं तर? आधी पोरांचा हात बसू दे, मग भरू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोरांच्या हाती रिकामे कॅमेरे देताना मात्र सांगितलं, "मागचं झाकण कुणी उघडायचं नाही. उजेड लागला की आतलं सगळं गेलं." पोरं इमानदार. झाकणाला कुणी नखही लावलं नाही. दिवसभर मांजरं, सायकली, एकमेकांची थोबाडं टिपत हिंडायची आणि संध्याकाळी विचारायची, "काका, आमचे फोटो?"

"धुवायला वेळ लागतो," काका म्हणायचे.

त्यांतली एक शेजारच्या घड्याळजींची नात. घड्याळजी काकांचे जुने दोस्त, पण काकांपुढे फोटोला कधी बसले नाहीत. "तू माणसाला घड्याळासारखा उघडून बघतोस," म्हणायचे. नातीपुढे मात्र बसले. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून, बोळकं पसरून असे हसले की पलीकडून बघणाऱ्या काकांचा जीव चुटपुटला. हा फोटो निघायला हवा होता. उद्या भरू रोल, ते मनाशी म्हणाले.

त्याच आठवड्यात घड्याळजी झोपेतच गेले.

घरातली माणसांची वर्दळ ओसरल्यावर नात स्टुडिओत आली. "काका, आजोबांचा फोटो द्या. आमच्याकडे त्यांचा एकही नाही."

रोल खराब निघाला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण काकूंची मशीन थांबली होती. काकांनी खरं ते सांगून टाकलं.

"आत काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"आजोबा हसत होते, काका."

"हो. मी पाहिलं."

"मग तुम्ही तरी का नाही काढलात?"

ती आली तशी निघून गेली. इतकी लाज काकांना जन्मात वाटली नव्हती. काकूंनी मशीन पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं, प्रत्येक कॅमेऱ्यात स्वतः रोल भरला आणि आलेल्या मुलांसमोर कबुली दिली. पोरांनी आरडाओरडा केला, मग कॅमेरे घेऊन पांगली. घड्याळजींची नात येणार नाही असंच काकांना वाटत होतं.

ती आली. कॅमेरा हातात घेतला, पण बाहेर पळाली नाही. काका गिऱ्हाइकाकडे बघत, तशी तिने त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. आणि खटकन मागचं झाकण उघडलं.

काकांचा हात पुढे झाला होता, तो त्यांनी मागे घेतला. दारातून आलेलं ऊन सरळ रोलवर पडलं.

"आहे," ती म्हणाली.

तो रोल गेला, हे तिलाही माहीत होतं. काकांनी कपाटातून दुसरा आणला आणि तिच्या हातावर ठेवला.

"हा तू भर," ते म्हणाले.