मिनीच्या चौकटीत मी

आमच्या घरात उभं राहायचं होतं माझ्या मुलीला. राहिलो मी. तेही चांगला पाऊण तास, आणि अख्ख्या मोहल्ल्यासमोर!

ही गोष्ट भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरची. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि मी एका राईस मिलमध्ये फिटर होतो. फिटर माणसाला एक रोग असतो. जगातली कोणतीही वस्तू दिसली की त्याला वाटतं, "हे तं मी घरीच बनवीन!" माझी बायको वंदना हिनं या रोगाची सगळी फळं भोगली आहेत. मी बनवलेला टेबलफॅन वारा द्यायचा, पण वारा देता देता खोलीभर फिरायचा. उन्हाळ्यात आम्ही त्याच्या मागे मागे सरकत झोपायचो. (सकाळी उठलो की आम्ही दाराशी असायचो आणि उशा भिंतीशी.)

मिनी आमची एकुलती एक. जन्मताना ती लवकर रडली नाही, आणि तेवढ्यात मेंदूला जी इजा व्हायची ती झाली. डॉक्टरांनी त्याला सेरेब्रल पाल्सी असं नाव सांगितलं. पाय कडक, हात मनाविरुद्ध वागणारे, बोलणं अडखळत. एक शब्द बाहेर यायचा तर आधी मान वळायची, मग ओठ, मग डोळे, आणि शेवटी शब्द. डोकं मात्र असं तल्लख, की घरात कोण कोणापासून काय लपवून राहिलं हे तिला चटईवर बसल्या बसल्या कळायचं.

आधी तिला व्यायामासाठी नागपूरला न्यावं लागायचं. मग गावातच एका जुन्या सभागृहात अशा मुलांसाठी थेरपीचं केंद्र सुरू झालं, आणि तिथल्या अर्चनाताई आठवड्यातून एकदा घरीही येऊ लागल्या. त्या स्कूटीवर यायच्या आणि मागच्या सीटवर दोरीनं बांधलेला एक भलामोठा निळा चेंडू असायचा. पहिल्या दिवशी समोरच्या किराणा दुकानातल्या नानांनी त्यांना थांबवून विचारलं होतं, "कितीले देता, बाई?"

अर्चनाताईंचं मिनीवर फार लक्ष. माझ्यावर त्याहून जास्त. कारण मला आणखी एक सवय होती. मिनीनं शब्द सुरू केला की मी तो पूर्ण करायचो.

"बाबा, पा... पा..."

"पानी? हे घे."

तिला पाहिजे असायचा पापड. बिचारी पाणी पिऊन घ्यायची.

"तिचं बोलणं तिलेच पूर्ण करू द्या," अर्चनाताई म्हणायच्या. "तुम्ही थांबत नाही."

"थांबतो ना ताई! पन तिले त्रास व्हते."

"तिले नाही, तुम्हाले व्हते."

मी मान डोलवायचो आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा पाण्याचा गिलास आणायचो.

मिनी सहा वर्षांची झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "आता हिले रोज थोडा वेळ उभं ठेवाले पाहिजे. त्याच्यासाठी लाकडी चौकट येते. मागून फळीचा आधार, गुडघ्यापाशी पट्टा, समोर छातीशी पाटी. पाटीवर खेळणी ठेवाची. केंद्रातून मागवून देऊ का?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मी अजून काही बोललोही नव्हतो!

"मागवाले कायले पाहिजे, ताई?" मी म्हणालो. "मी घरीच बनवीन."

बनवली. आणि मी सांगतो, चीज झाली होती! सागवानाच्या फळ्या, मिलमधल्या जुन्या रबरी पट्ट्याचा बेल्ट, आणि समोरच्या पाटीला माझा स्वतःचा शोध. पाटी पुढून सरकवत आणली की तिच्या खाली, कमरेच्या पातळीवर, आपोआप 'खट्' करून खटका बसायचा. लेकरानं कितीही झटापट केली तरी पाटी सुटायची नाही. तो खटका बाहेरच्या माणसानं खालून ओढला तरच निघणार.

एकच बारीकसा घोटाळा झाला होता. माप.

शाळेचा ड्रेस घेताना आपण पोरांना दोन वर्षं पुढचा घेतो की नाही? "वाढतं अंग आहे" म्हणून? मीही तोच हिशोब केला. पण सागवान महाग, आणि एवढी मेहनत पुन्हा पुन्हा कोण करणार, म्हणून मी दोन वर्षांऐवजी जरा जास्तच पुढचा विचार केला. चौकट पडवीत उभी केली तेव्हा वंदना तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"अवो मिनीचे बाबा, हे मिनीसाठी हाय का तिच्या नवऱ्यासाठी?"

"कमी करता येते," मी म्हणालो. "वाढवता येत नाही!"

त्या दिवशी अर्चनाताई चौकट बघायला येणार होत्या. वंदना बाजारात गेली. मिनी समोर चटईवर बसली होती. ताईंपुढे फजिती नको, म्हणून मी ठरवलं की मजबुती एकदा तपासून घ्यावी. माझ्याच मापाची चौकट होती, म्हणजे तपासायला याहून योग्य माणूस कोण?

मी आत उभा राहिलो. वाकून गुडघ्याचा पट्टा आवळला. मग पाटी छातीशी ओढून घेतली.

खट्!

काय तो आवाज! मी खुशीत म्हणालो, "पाह्य मिनी, तुह्या बाबानं कशी..." आणि तिथंच माझ्या ध्यानात आलं की बाहेरचा माणूस बाहेर नव्हता. बाहेरचा माणूस आत होता.

पाटी काखेपर्यंत आलेली. हात वर, खटका खाली. वाकावं तर छाती अडते, बसावं तर गुडघे बांधलेले. उड्या मारून पाहिल्या. सागवानाचं वजन असं की चौकट जागची हलली नाही. (मजबुतीची तपासणी इथं संपली. चौकट पास झाली होती.)

मिनी आधी हसली. मग मान वाकडी करून पाटीच्या खाली बघू लागली, आणि तिचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"बाबा... ना... ना..."

"हो ना, नाही निघून राहिलं."

तिनं जोरात मान हलवली. "ना... ना..."

"नाना! अरे वा, बरोबर! नानाले बोलावतो!"

मिनीनं डोळे मिटून घेतले. मी तिच्या हुशारीचं कौतुक करत मोठ्यानं हाक मारली, "ओ नानाजी! जरा येता का?"

नाना आले. दारात उभे राहून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"काय करून राहिला गा तू?"

"अडकलो, नानाजी."

"ते दिसून राहिलं. पन काहून?"

सगळं सांगितल्यावर नाना गुडघे धरत धरत खाली वाकले आणि त्यांनी खटका ओढला. खटका हलेना. दुसऱ्यांदा ओढला. हलेना. "जाम झाला ना हा!" म्हणून त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, हाक मारली. काकू दुकान उघडं टाकून आल्या, म्हणून दोन गिऱ्हाइकं त्यांच्या मागे आली. गिऱ्हाइकं कुठं गेली हे पाहायला आणखी चार जण आले. थोड्याच वेळात आमच्या पडवीत अशी गर्दी झाली की मागच्यांना पुढचे माहिती पुरवत होते.

"काय झालं?"

"बायकोनं बांधून ठेवलं म्हन्ते."

"तेल टाका त्याच्यात!" काकू म्हणाल्या. तेल आलं. खटक्यावर कमी आणि माझ्या पायावर जास्त पडलं. मग कोणीतरी करवत घेऊन आलं.

"पाटी कापून टाकू. दोन मिनिटांचं काम हाय."

"सागवान हाय ते!" मी ओरडलो. "मले कापा पाहिजे तं, लाकडाले हात लावू नोका!"

या सगळ्या गोंगाटात मिनी सारखी सांगत होती, "ना... ना..." आणि सगळे तिला समजावत होते, "आले ना बाई नाना. हे पाह्य, इथंच हायेत नाना." नाना स्वतःही दोनदा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. मिनीला रडू येईल असं वाटू लागलं. माझंही हसू आता आटलं होतं. पाय भरून आले होते, गुडघ्यापाशी पट्टा रुतत होता. मनात आलं, ही पोरगी रोज स्वतःच्याच अंगात अशी अडकलेली असते, आणि गर्दी अशीच तिच्या डोक्यावरून बोलत असते.

तेवढ्यात स्कूटीचा आवाज आला. अर्चनाताई आत आल्या, मागोमाग भाजीची पिशवी घेऊन वंदना. ताईंनी मला पाहिलं. त्यांचे ओठ जरा हलले, पण त्या हसल्या नाहीत. (ही त्यांची मोठी ताकद.) वंदना मात्र पिशवी खाली ठेवून सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलू लागले.

"मिनी काय सांगून राहिली?" ताईंनी विचारलं.

"नानाले बोलवा म्हन्ते," सगळे एका सुरात.

"थांबा. सगळे चूप राहा." ताई मिनीसमोर चटईवर बसल्या. "सांग मिनी. माह्याजवळ खूप वेळ हाय."

 मिनीची मान वळली, मग ओठ, मग डोळे. इतका वेळ गेला की मला आतून वाक्य पूर्ण करायची सुरसुरी आली. पण काय पूर्ण करणार?

"ना... डी," मिनी म्हणाली. "बाबाची... नाडी... अडकली."

सगळी मंडळी एकदम खाली वाकली. माझ्या पायजम्याच्या नाडीचं लोंबतं टोक खटक्याच्या दातांत गुंडाळून बसलं होतं! मला पाटीमुळे दिसत नव्हतं, नानांना चष्म्यामुळे. चटईवर बसलेल्या मिनीला ते पहिल्या मिनिटापासून दिसत होतं.

"अरे, मंग ओढतो ना मी!" म्हणत नाना पुढे झाले.

"नाही!" अर्चनाताईंनी हात आडवा केला. "कोनी हात लावाचा नाही. मिनी ओढन."

"ताई," मी घाईनं म्हणालो, "नाडी ओढली तं नुसता खटका नाही निघनार..."

"ओढ मिनी. जवळ ये. शाब्बास."

"ताई, लोकं हायेत इथं! वंदना, सांग ना ताईले!"

वंदना भिंतीकडे तोंड करून भिंतीला धरून होती.

पुढचं मला दिसलं नाही. पाटी आड येत होती. चटईचा घसरण्याचा आवाज आला, चौकटीच्या खांबावर एक थाप पडली, मग दुसरी. समोरची माणसं एकेक करून पुढे वाकली. काकूंनी तोंडावर पदर धरला. करवतवाल्यानं करवत खाली ठेवली. वंदना केव्हा तरी वळली होती, तिचे डोळे भरलेले होते, आणि आता ती अजिबात हसत नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं. "पडली का? सांगा ना कोनीतरी! अवो, काय चालू हाय खाली?"

सगळ्यांच्या नजरा खाली लागल्या होत्या. फक्त अर्चनाताईंचा बारीक आवाज येत होता, "अजून वर. गुडघ्यावर ये. दोन्ही हातानं धर. हां... आता ओढ."

खट्!

पाटी सुटली आणि त्याच क्षणी दुसरंही जे सुटायचं ते सुटलं. पडवीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दोन्ही हातांनी पायजमा गोळा करायला वाकलो तेव्हा मिनी माझ्यासमोर होती, चटईवर धपकन बसलेली, मुठीत नाडीचं टोक आणि तोंडभर हसू.

मिनी स्वतःच्या ताकदीनं, कोणी न धरता, खांबाला हात लावून गुडघ्यांवर उभी राहिली होती. ज्याची अर्चनाताई कितीतरी महिने वाट बघत होत्या ते झालं होतं. अख्ख्या मोहल्ल्यानं पाहिलं. पाहिलं नाही ते एकट्या तिच्या बापानं, कारण मध्ये त्यानंच बनवलेली सागवानाची पाटी होती.

नंतर कितीतरी दिवस मी लोकांना विचारत फिरलो, "नानाजी, कशी उठली व्हती हो ती? सांगा ना."

नाना डोळे मिटून आठवायचे. "काय सांगू गा तुले! आधी एक हात टेकवला, मंग कंबर उचलली... आन् मंग तुही ती पट्ट्यापट्ट्याची चड्डी!" काकूंना विचारलं तर त्या चड्डीपासूनच सुरुवात करायच्या.

चौकट मी कापून लहान केली. मिनी तिच्यात रोज उभी राहू लागली. पण गुडघ्यांवर उठायचं म्हटलं की ती काही केल्या तयार व्हायची नाही. खेळणी वर धरली, खाऊ दाखवला, वंदनानं आपली बांगडी वर टांगली. मिनी बघायची आणि मान फिरवायची.

"तिले काय पाहिजे ते विचारा ना," अर्चनाताई म्हणाल्या.

विचारलं. आम्ही सगळे थांबलो. शब्द यायला त्याचा वेळ लागला, पण आला तेव्हा अगदी स्पष्ट आला.

ताईंनी गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "चांगला व्यायाम हाय. पकड सुधरते, कंबर बी मजबूत व्हते. रोज करा."

तेव्हापासून रोज सकाळी मोहल्ल्यातले बाकीचे बाप कपडे घालून कामाला निघायचे, आणि मी पडवीत खांबाला टेकून कपडे उतरवून घ्यायला उभा राहायचो. मिनी सरकत यायची, खांब धरून गुडघ्यांवर उठायची, दोन्ही हातांनी नाडी ओढायची, आणि समोरच्या दुकानातून नाना टाळ्या वाजवायचे. लोकांच्या पोरी मोठ्या झाल्यावर बापाची इज्जत काढतात की काय म्हणून लोक घाबरतात. माझ्या पोरीनं सहाव्या वर्षीच रोज काढायला सुरुवात केली, आणि मी असा बाप, की ती निघाल्याबरोबर पुन्हा बांधून म्हणायचो, "शाब्बास मिनी! आता अजून एकदा!"