टँगोची उतरती पट्टी

बल्लारपूरच्या आरागिरणीत तो सागाची लाकडं कापायचा; मी तिथलाच कारकून. दर रविवारी माझ्याकडे टँगो या विलायती नाचाच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड ऐकायला यायचा, पण कधी बसला नाही.

“या चालीत बसता येते काय, भाऊ?”

ग्रामोफोन मंदावला की तोच धावून चावी भरायचा. “काळी दोनची पट्टी उतरून राह्यली ना, सूर खाली चालला.”

त्या तालावर त्याची बोटं करवतीजवळही नाचायची. मालकांना ते मीच सांगितलं. काळजीपोटी, असं आजवर म्हणत आलो. खरं तर माझ्या रेकॉर्डवर तो माझ्यापेक्षा जास्त झुलतो, तेच मला बघवत नव्हतं.

त्याला कामावरून काढलं. तरी रविवारी तो आला. रेकॉर्ड मंदावत रडकी झाली, पण तो चावीकडे गेला नाही.

“मालकाले कोनं सांगतलं, भाऊ?”

मी उठून चावी भरली. टँगो पुन्हा धावू लागला, आणि तो पहिल्यांदाच खाली बसला.