बॉयलरच्या स्क्रीनवर अडकलेला आकडा

सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली, तेव्हा स्क्रीनवर प्रेशर नॉर्मल दिसत होतं. वसमतजवळच्या एका शिवारात, हळद शिजवायच्या बॉयलरवर हे झालं. कुणाला भाजलं नाही, हे नशीब. बॉयलर चालवणाऱ्या शोभाताईंनी भट्टी विझवली आणि कारण कळल्याशिवाय पेटवायला नकार दिला.

त्या बॉयलरचा कंट्रोलर आमच्या कंपनीचा. प्रेशर वाढलं की तो भट्टीला हवा देणारा ब्लोअर बंद करतो. मी सॉफ्टवेअर बघते, म्हणून मला पाठवलं.

"मॅडम, वाफ फुसफुसून राहिली व्हती अन् तुमचा आकडा जागचा हलला न्हाई," शोभाताई म्हणाल्या. "काहून?"

सेन्सरची वायर सैल झाली होती. मी बॉसना फोन केला.

"वायर बसव आणि नीघ."

"सर, वायर सुटल्यावर आकडा जायला हवा होता. तो राहिला कसा?"

तिथेच बाजेवर बसून लॅपटॉपवर ड्रायव्हर उघडला. ड्रायव्हर म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड. त्यातलं एक फंक्शन सेन्सर वाचतं आणि काम झालं की फसलं, ते परत कळवतं. त्या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात. इथे ते दर वेळी 'एरर' सांगत होतं. पुढच्या ओळीत ते कुणी तपासतच नव्हतं. शेवटचा चांगला आकडाच पुन्हा पुन्हा स्क्रीनवर जात होता.

मी बॉसना पुन्हा फोन लावून बदल सुचवला. एरर आली की ब्लोअर बंद, भोंगा चालू.

"वायर जरा हलली की मशीन बंद? ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक ओरडेल," बॉस म्हणाले.

मी फोन स्पीकरवर टाकला.

"पडू द्या बंद, साहेब," शोभाताई म्हणाल्या. "भट्टीपाशी आमच्या बाया उभ्या असतात. मशीनला कळंना झालं तर कळंना म्हणू द्या."



"कर," बॉस म्हणाले.

कोड बदलला, वायर नीट बसवली. मग भट्टी मंद पेटवून मी ती मुद्दाम उपसली. भोंगा वाजला, ब्लोअर थांबला. शोभाताईंनी स्वतः वायर उपसून पुन्हा खात्री केली, मगच हळद भरायला सांगितली.

बाकीचा ड्रायव्हर वाचला, तर हीच चूक जागोजागी होती. सगळी दुरुस्त केली. त्या सीझनमध्ये मशीन बंद पडल्याच्या तक्रारी वाढल्या. बॉस कुरकुरले. वाफ सुटल्याची तक्रार मात्र आली नाही.

आता कुणाचाही कोड हातात आला की तो काय काय करतो, हे मी नंतर बघते. काम फसल्यावर तो कुणाला सांगतो, ते आधी.