आमच्या घराचे साक्षीदार

गेल्या वर्षी दोन जूनला बीडच्या रजिस्ट्री ऑफिसात नेकनूरच्या आमच्या घराचं खरेदीखत झालं. रक्कम एकोणीस लाख. हजर होतो मी, घर घेणारे गुरुजी, त्यांचे मेव्हणे, एजंट दिलीप आणि माझ्या बाजूचे साक्षीदार म्हणून शेजारचे रशीदचाचा.

पुण्यात नोकरीला लागून मला सव्वीस वर्षं झाली. निघालो तेव्हा माझे वडील, अण्णा, स्टँडवर सोडायला आले होते. पुढे आजारपणात एकदा म्हणाले, "घर इकायची येळ आलीच तर आधी भिंतीपल्याड इचार." आमची आणि चाचांची भिंत एकच, दोघांनी निम्मा निम्मा खर्च करून बांधलेली. अण्णा गेल्यावर किल्लीही चाचांकडेच असे. पावसाळ्याआधी पत्रे तेच बघून घ्यायचे.

दिलीप माझ्या वर्गातला, म्हणून घर त्याच्याकडे दिलं. त्याने व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकली, 'रोड टच'. घर रस्त्यापासून तीन गल्ल्या आत. फोटोतला नळसुद्धा आमचा नव्हता. मी फोन करून सुनावलं आणि शेवटी विचारलं, "चाचांना विचारलंस का?"

"इचारलं की. त्यास्नी न्हाई पायजे. तू निवांत राहा बे."

मी निवांत राहिलो. चाचांचा नंबर माझ्याकडे होता. नको म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारून अवघडवायचं कशाला, असं वाटलं. पुण्यात राहून ही सवय लागते, मधल्या माणसाकडून कळलं की काम झालं असं आपण धरतो.

रजिस्ट्रीच्या दिवशी नंबर लागायची वाट बघत होतो. मी सहज म्हणालो, "चाचा, तुम्ही घेतलं असतं तर भिंतीचा प्रश्नच मिटला असता."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "आमी तर मागितलतं की. धाकट्यासाठी. दिलीपशेठ म्हनले, मालकाला शेजारी द्यायचं न्हाई. मग म्या कावून फोन करू? धाकट्यानं औरंगाबादला खोली घेतली. गेला बी."

दिलीप मोबाइलमध्ये बघत होता. मी त्याला बाजूला घेतलं. तो आधी हसला, मग चिडला. "तुमच्या तुमच्यात सौदा झाला असता तर मला काय भेटलं असतं? चाचा कमिशन देनार हाय का?"

मी परत येऊन गुरुजींना म्हणालो, "थांबा. इसाराच्या दुप्पट पैसे देतो, पण हे राहू द्या." गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी भाड्याचं घर सोडलं होतं. माझ्याच परवानगीने त्यांचं सामान आमच्या ओसरीत येऊन पडलं होतं.

चाचाच म्हणाले, "त्यांची बायकापोरं कुठं जातील आता? करा सही. म्या साक्षीला आलोय, भांडायला न्हाई." आणि नंबर आल्यावर, ज्या घरासाठी त्यांनी शब्द टाकला होता, त्याच घराच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगतो, पाणीपट्टी आणि वीजबिल ऑनलाइन भरता येतं, मीही भरत होतो. तेवढ्याने घर माझं आहे असं समजत होतो. खरं तर तिथे माझी वाट बघणारे चाचा होते म्हणून ते घर होतं. दर वेळी निघताना ते विचारायचे, "आता कवा येनार?" त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

गुरुजींनी मला ठरलेले एकोणीस लाख पूर्ण दिले. दिलीपला दोन टक्क्यांनी अडतीस हजार मी दिले, कबूल केले होते म्हणून. तेवढेच गुरुजींनीही दिले. चाचांना नेकनूरपर्यंतचं भाडं द्यायला पाकीट काढलं, तर त्यांनी माझा हात मागे सारला. बाहेर पाच चहा झाले होते. त्याचे पैसे चाचांनी दिले.