तोफगोळा आणि नऊ बाराचा मुहूर्त

"सावंतसाहेब, सही करा हो! नऊ वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त आहे." बिल्डरचा मॅनेजर परेश मला घड्याळ दाखवत होता. मी खड्ड्याशेजारी गुडघ्यावर बसलेलो.

कॉटन ग्रीनचा प्लॉट. जुनी चाळ पाडलेली, आता टॉवर होणार. मी दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. रिटायर झाल्यावर मेटल डिटेक्टर घेऊन खोदकामाआधी जमीन तपासून सहीचा दाखला देतो. गोदी जवळ असल्याने इथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं काहीबाही पुरलेलं निघतं. बहुतेक वेळा पाइप आणि खिळेच. या शहाण्याने मला बोलावलं कधी, तर भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी सात वाजता, मांडव घालून झाल्यावर!

नेमकं पूजेच्या जागी मशीन कोकललं. खुरपीने हळूहळू माती काढली. हातभर लांब, गंजलेलं, टोकाला निमुळतं.

"भंगार ना?"

"तोफगोळा."

परेशचा चेहरा उतरला.

अशा वेळी आधी फ्यूज बघायचा. फ्यूज म्हणजे गोळा फोडणारा खटका. घरातल्या विजेच्या फ्यूजशी त्याचा काही संबंध नाही. टोकाची माती मऊ ब्रशने झाडली. तिथे कडी होती. जिवात जीव आला. गोदामात ठेवताना गोळ्याच्या टोकाला कडीचा प्लग लावत, फ्यूज तोफेपाशी नेल्यावर बसवत. पण पोटात दारू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तिथे माझं ज्ञान संपतं. मी सगळ्यांना लांब हटवलं आणि पोलिसांना फोन केला.

परेशने हातच जोडले. "आजचा हुकला तर आमचे शेठ पुढचा थेट दिवाळीनंतर धरणार. नुसतं 'धोका नाही' लिहा ना!"

डोकं फिरलं माझं. पण समोर पांढऱ्या लुगड्यात जाधवआजी बसल्या होत्या. चाळीतल्या सगळ्यात जुन्या भाडेकरू, वय ब्याण्णव. अकरा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलत नव्या घराची वाट बघतायत. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा हात पेनाकडे गेला.

"काय झालं रे?" आजींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मुहूर्त हुकणार, तेही.

"अरे, पण मुहूर्त पायजे कुणाला?" आजी म्हणाल्या. "आमची सगळी चाळ बौद्ध. आम्ही बुद्धवंदना घेणार आन् कुदळ मारणार. पोरांची लग्नंसुद्धा रविवार बघून लावली, सुट्टी असते म्हणून! तू नीट बघ बाबा. ह्याच्यावर माझी पतवंडं झोपणार हायेत."

मुहूर्त शेठने स्वतःच्या हौसेने काढला होता. भाडेकरूंना कुणी विचारलंच नव्हतं. परेशने तिथूनच शेठला फोन लावला. शेठ म्हणाले, "त्यांना चालत असेल तर माझं काय!"

बॉम्ब स्क्वॉड आलं, प्लॉट रिकामा केला, गोळ्याचा एक्स-रे काढला. पोट भरलेलं होतं. ऐकून परेशने सहीचा कागद घडी करून खिशात घातला. स्क्वॉडने गोळा वाळूच्या पिशव्यांत घालून नेला. उरलेला प्लॉट मी दोन दिवस तपासला. तीन पाइप आणि एक फुटकी कढई निघाली.

तिसऱ्या दिवशी अमावास्या होती. भर दुपारी वंदना झाली आणि आजींनी पहिली कुदळ मारली. मला फार बरं वाटलं. दोन प्लेट बुंदी खाल्ली.

आता कुणी सहीची घाई करायला लागलं, की मी आधी तिथे राहायला येणाऱ्यांकडे जातो आणि विचारतो, घाई तुम्हाला आहे का?