सत्याक्काची पोथी

आषाढ संपत आला होता. सकाळी तव्यावर भाकरी असताना शेजारच्या सत्याक्काचा मुलगा नागेश दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, अम्मा गेली." भाकरी तशीच टाकून मी गेले. सत्याक्का चटईवर निजल्यासारखी दिसत होती, गळ्यावरचा पांढरा फडका कुणीतरी नीट बांधला होता. दोन वर्षं आजारी होती, म्हणजे मनाची तयारी असायला हवी होती, पण अशी तयारी होते हे कोण सांगतं कोण जाणे... आणि खरं सांगायचं तर तिच्या उशाशी बसल्यावर पहिला विचार आला तो हाच, की श्रावण तोंडावर आलाय, आता पोथी कोण वाचणार?

सत्याक्का आमच्या भिंतीपलीकडची. नवरा चादरीच्या मागावर, आणि ती घरी रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. घरात तेलुगू, बोळात मराठी. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. त्या शाळेत सगळ्या वर्गानं एका सुरात ओरडून वाचायचं, एवढीच वाचायची रीत ती शिकली आणि पुढं तिनं ती सोडली नाही. दिसेल ते अक्षर ती मोठ्यानं वाचायची. वाण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग साखर डब्यात. एकदा अक्कलकोटला जायला आम्ही एसटी स्टँडवर उभ्या होतो. तिथल्या साऱ्या पाट्या तिनं खणखणीत वाचायला घेतल्या, आणि "येथे थुंकू नये" हे अशा आवाजात म्हटलं की शेजारचे एक गृहस्थ दचकले आणि तोंडातलं पान गिळून बसले.

मी मॅट्रिक झालेली, त्याचा मला तोरा होता. म्हटलं, "अक्का, मनात वाच की जरा!"

"मनात? मनाला तोंड कुटं असतंय?"

मी शहाणपणानं वर्तमानपत्र उघडलं आणि तिला मनात वाचून दाखवायला लागले. तिनं पुढं होऊन माझ्या गळ्यावर बोट टेकवलं आणि खो खो हसत सुटली. "हालतंय की गं सुमन! तू बी तोंडानंच वाचतीस. चोरून!" मी ते उडवून लावलं. घरी आल्यावर मात्र आरशासमोर उभी राहून वाचून पाहिलं. गळा खरंच हलत होता.

श्रावणात दुपारी तिच्या ओसरीवर बोळातल्या बायका जमायच्या. काही मराठी, काही तेलुगू, अर्ध्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं. अक्का पोथी वाचायची. तिची मराठी तेलुगू वळणाची होती, पण थांबायचं कुठं आणि ओढून न्यायचं कुठं हे तिला असं काही साधलं होतं की अवघड ओवीही ऐकता ऐकता कळायची. हातातली कामं बाजूला ठेवून बायका ऐकत. वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नसलेली ती कांडीवाली त्या महिनाभर आमच्या बोळाची मालकीण असायची.

मग घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. आवाज गेल्याचं तिनं हूं की चूं न करता सोसलं, बोलण्यासाठी पाटी-पेन्सिल घेतली. "वाचायला डोळे लागतात, ते तर शाबूत आहेत," असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते. पण एके दुपारी पाहिलं तर अक्का वर्तमानपत्र मांडीवर घेऊन रडत बसली होती. पाटीवर लिहिलं होतं, "अक्षर दिसतंय. पुडं गेलं की मागचं सांडतंय."

तोवर मी वाचणं हे डोळ्यांचं काम समजत होते. डोळे नुसती अक्षरं आणून टाकतात. आपल्या भाषेत क्रियापद बसतं शेवटी. ते येईपर्यंत कुणी काय केलं, कुठं केलं, हे सगळं कुणीतरी धरून ठेवावं लागतं, नाहीतर वाक्याचा मेळ बसत नाही. आपण ते आतल्या आवाजात धरतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. अक्कानं आतला आवाज कधी वेगळा ठेवलाच नव्हता, तिचं सगळं उघड्यावर होतं... तेच कापलं गेलं.

मग मी तिला वाचून दाखवायला लागले. ती माझ्या गळ्यावर बोट ठेवून ऐकायची. पण मी पडले घाईची. भलत्या जागी थांबायची, की ती वैतागून हात झटकायची. मीही चिडायची. असे दोन-तीन महिने गेले.

एक दिवस तिच्याकडं गेले तर ती रहाटापाशी बसलेली. रहाटावर सूत नव्हतं, तरी उजवा हात दांडी फिरवत होता. समोर कागद होता. एक फेरा, तेवढे चार शब्द. थोडं थांबून पुन्हा फेरा. आणि एकाएकी तिचे खांदे हलायला लागले. अक्का हसत होती, बिनआवाजाचं. मी परीक्षा घ्यावी तशी म्हटलं, "काय वाचलंस? सांग बघू." नातेपुत्याच्या बाजारात सुटलेला बैल कापडाच्या दुकानात शिरल्याची बातमी होती. तिनं पाटीवर लिहिलं, "बैलानं धोतराकडं बघितलं बी न्हाय. लुगडं घेऊन गेला." मी तिला मिठीच मारली. जन्मभर फिरवलेल्या रहाटाच्या फेऱ्यावर तिनं वाक्यं भरून घ्यायला सुरुवात केली होती.

तरी त्या श्रावणात पोथी मी वाचायची असं ठरलं. आवाज नसलेल्या बाईनं पोथी वाचायची कशी? मी घसा साफ करून सुरू केलं. बायकांची चुळबुळ होऊ लागली. मी आवाज चढवला. शेवटी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शांताबाई म्हणाल्या, "सुमन, तू जरा गप बस बगू. तिला वाचू दे की."

मला लई राग आला, आमच्याकडचाच शब्द वापरते. पोथी अक्कापुढं सरकवली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, सगळ्यांकडं एकवार पाहिलं, आणि तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू फिरू लागला. शेजारच्या मागाचा खटका तेवढा ऐकू येत होता. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. कुणी हललं नाही. बायका ऐकत होत्या. अध्याय संपला तसे सगळ्यांचे हात एकदम जोडले गेले. माझेही.

परवा श्रावणातला पहिला सोमवार झाला. बायका आल्या, बसल्या. नागेशनं पोथी आणून माझ्यापुढं ठेवली. "वाच" असं कुणी म्हणालं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. डोळे भरून आल्यानं अक्षरं धड दिसत नव्हती, पण अडलं काहीच नाही. पानाच्या तळाशी अक्का पोचली, की मी पान उलटत होते.